काळ्या रंगाची वही

जूनमध्ये विषय नोंदवताना
फॉर्मवर लिहिलं होतं :
‘दूधकट्टा. वीस पानांचं चित्रपुस्तक.’
इंगवले सरांनी चष्म्यावरून पाहिलं.
म्हैस काढता येते का तुला?
हो म्हणाले.
म्हैस कुणाला काढता येत नाही?

आज फेब्रुवारीची नऊ.
चौथी वही संपत आलीय
आणि मला म्हैस काढता येत नाही
हे आता पुराव्यानिशी सांगता येतं.

पहिल्या वहीतल्या सगळ्या
शाळेतल्या तक्त्यावरच्यासारख्या,
आडव्या, चारही पाय मोजून दिलेल्या.
गंगावेशीत अशी एकही म्हैस उभी राहत नाही.
तिथं ती तुकड्यातुकड्यानं दिसते :
एक कान, रंगराव खाडेंचं कोपर,
कुणाचीतरी किटली, स्कूटरचा आरसा,
मग एकदम शेपूट.
आणि शिंगं,
खांद्यामागं लांबवर गेलेली,
कुठल्याच पानात न मावणारी.

दुसऱ्या वहीत चित्रं कमी, नोंदी जास्त.
ग्लासातला फेस बसायला किती वेळ लागतो.
कोण फेसासकट पितं,
कोण बोटानं बाजूला सारतं,
कोण पिऊन झाल्यावर मिशी पुसायची विसरतं
आणि तसंच गाडीला किक मारतं.
पाडव्याला बुलेटच्या आवाजामागं
मोरपिसं लावून पळणाऱ्या म्हशींचे
दोनशे सात फोटो.
एकही उपयोगाचा नाही.
फोटोत सगळं थांबलेलं असतं
आणि मला थांबलेली म्हैससुद्धा
रवंथ करताना हवी होती.

खरा घोळ काळ्याचा.
शाईची बाटली उपडी केली की
पानावर म्हैस नाही, भोक पडतं.
रंगराव बादली विसळत म्हणाले,
‘काळी काळी काय करायलीस?
ती काळी कुठं हाय?
धुतल्याव बघ की.’

घाटावर गेले.
पंचगंगेतून वर आलेल्या पाठीवर
आभाळ होतं, थोडं मळकट.
समोरच्या बाईची पिवळी बादली होती.
पोटाखाली, सावलीत,
वांग्याच्या सालीसारखं काहीतरी.
कानाच्या आत चक्क गुलाबी.
मी घरी येऊन काळ्याच्या ट्यूबला
टोपण घट्ट लावलं
आणि तीन दिवस काहीच काढलं नाही.

तिसऱ्या वहीचं सदतिसावं पान :
गर्दी होती, कोळसा हातात,
कुणाचा तरी धक्का लागला,
ग्लास हिंदकळला, दूध पानावर.
पुसायला गेले तर कोळसाही पसरला.
फाडणार होते.
रंगरावांची नात शर्वी, वय सहा,
वहीत डोकं घालून म्हणाली,
‘ही मोरणी.’
नुसतं ‘म्हस’ म्हणाली असती तर
मी हसून पान फाडलं असतं.

त्यानंतर तेच पान पुन्हा काढायचा
अकरा वेळा प्रयत्न केला.
दूध मोजून सांडलं.
एकदा तर मुद्दाम धक्का द्यायला
मैत्रीण उभी केली.
प्रत्येक वेळी छान डाग आला,
मोरणी आली नाही.

सरांना हे अहवालात कसं लिहू?
‘निष्कर्ष’ असा रकाना आहे, सहा ओळींचा.
मी लिहिलंय :
काळा रंग विकत मिळत नाही.
पाच ओळी अजून रिकाम्या आहेत.

मोरणी आता आटलीय, गाभण आहे,
महिनाभर कट्ट्यावर नाही.
तिची तारीख आणि माझी तारीख
मार्चच्या एकाच आठवड्यात येतायत.
रंगराव म्हणतात, ‘तिची काळजी न्हाई,
तिला सवय हाय.’

काल संध्याकाळी गोठ्यात गेले.
वही उघडली नाही.
अंधारात ती दिसत नव्हती,
फक्त एक संथ, ओला आवाज, चघळण्याचा,
आणि मध्येच उष्ण श्वास
माझ्या मनगटावर.

तेरावं पान कोरं ठेवलंय.
सर विचारतील.