राज्य कुणावर

निळी टेप लाव, खाकी नको, त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं,
आणि टोक जरासं दुमडून ठेव,
म्हणजे उघडणाऱ्याची नखं झिजत नाहीत.
एवढ्यावरून मी ओळखलं, माणूस बरा आहे.

रॉरी मॅकइसॅक, ग्लेस बे, नोव्हा स्कोशिया.
खाणीत होता, खाण बंद पडेपर्यंत.
मी इकडे सस्कॅचवनमध्ये, मेलव्हिलच्या रिंकवर
बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवलं
एकतीस हिवाळे.
मधे चार हजारांवर किलोमीटर.
एकमेकांचा आवाज आम्ही कधी ऐकलेला नाही.

मला हवी होती एकाहत्तरच्या संचातली बारा हॉकी कार्डं,
त्याला त्याच्या लहानपणीचा एक अख्खा संघ.
साटंलोटं. कुणाचंच काही बुडीत नाही.
कोपरे शाबूत असतील तर दोनास एक,
चहाचा डाग असेल तर आधी कळवायचं.

मग सातव्या की आठव्या पाकिटात
दोन चांगल्या बचावपटूंच्या मधे दडून आला
मर्व्ह क्लासेन.
क्रमांक दोनशे चौदा, राखीव गोलकीपर.
सामने अकरा, खाल्लेले गोल एकोणपन्नास.
मिशी अशी, की ओठावर कुणी ओला मोजा वाळत घातलाय.
मागच्या बाजूला छापलेलं: उन्हाळ्यात मधमाश्या पाळतो.
आणखी सांगण्यासारखं छापणाऱ्यांनाही सापडलं नसावं.

माझ्याकडे मर्व्ह आधीच तीन होते.
चौथा मी मुकाट्याने परत त्याच्या गळ्यात मारला,
पुठ्ठ्याच्या दोन थरांत.
महिन्याभरात स्वारी पुन्हा दारात.

तेव्हापासून राज्य कधी त्याच्यावर, कधी माझ्यावर.
वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात,
बियांच्या पुडीत,
एकदा तर स्टेफासाठी पाठवलेल्या लोकरी मोज्यात.
पायाच्या अंगठ्याला मर्व्ह लागला तशी ती किंचाळली,
आणि त्याच्या डाव्या कानावरून कायमची एक चुणी गेली.
सोळा वर्षं. पत्रात दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.
नियम कुणी केलाच नव्हता,
म्हणून मोडायचा कसा तेही कळत नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात राज्य रॉरीवर गेलं.
नोव्हेंबरात पाकीट आलं. नऊ कार्डं, निळी टेप, टोक दुमडलेलं.
मी पुठ्ठा सोलला, पाकीट उजेडासमोर धरलं, झटकलं.
मर्व्ह नाही.
डिसेंबरात नाही.
जानेवारीत उणे अडतीस, टपालपेटीच्या कुलपात किल्ली गोठली,
फुंकरा घालघालून उघडली.
पाकीट होतं, तो नव्हता.

स्टेफा म्हणाली, फोन कर की.
फोनवर काय विचारू, ते फडतूस कार्ड कुठंय म्हणून?
पण आठवत राहिलं,
हल्ली त्याचं अक्षर उताराला लागलंय,
माझा पोस्टल कोड एकदा चुकला होता,
आणि कोळशाची धूळ छातीत किती वर्षं राहते
ते मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी पोस्टकार्डावर एकच ओळ टाकली:
मर्व्ह बरा आहे ना?

उत्तराला अठरा दिवस लागले.

"मुलीचा मुलगा आला होता, सहा वर्षांचा.
खोक्यातले सगळे हिरे मांडले त्याच्यापुढे.
पठ्ठ्याने मर्व्ह उचलला. म्हणतो, याची मिशी!
उशीखाली घेऊन झोपला, हॅलिफॅक्सला घेऊनही गेला.
परत मागायला तोंड होईना.
राज्य अजून माझ्यावरच आहे, ठाऊक आहे मला."

मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं, बूटसुद्धा न काढता.
मग तळघरातलं खोकं काढलं.
माझे तिघे मर्व्ह तिथेच होते, कोरे, कडक,
एकाच्याही कानावर चुणी नाही.
त्यातला एक निवडला. का, ते नका विचारू.
पुठ्ठा, पुन्हा पुठ्ठा, वरून निळी टेप.
टोक या वेळी दुमडलं नाही.
झिजू देत म्हाताऱ्याची नखं.