दुसरी वेलांटी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात
शेजारच्या गोंडाण्यांकडे माळ्यावरून कूलर उतरला
आणि भिंतीपलीकडून वाळ्याचा वास आला, ओला.
मी चवळी निवडत होते.
निवडत राहिले.

आई, तांडापेठेत आपल्या घरी कूलर नव्हता
आणि अर्ध्या नागपूरचे कूलर तू भरत होतीस.
माग बंद पडला तरी बाबांची
खड्ड्यात पाय सोडून बसायची सवय गेली नाही;
रिकाम्या मागापुढे ते दिवसभर बसत.
तू इतवारीतून वाळ्याचे भारे आणलेस,
डोक्यावर, उधारीवर.
जाळी, वाळा, पुन्हा जाळी, मग तार.
वीत, वीत, चार बोटं.
मोजपट्टी तुला कधी लागली नाही.
ताटीमागे सव्वा रुपया.

रात्री बल्बखाली मी सुईने
तुझ्या बोटांतली कुसं काढायची.
तू म्हणायचीस, "हळू वो पोट्टे,
एखादं राहू दे. उद्या पुन्हा तिथंच जाईन ते."

विणकराची लेक तू, विणकराची बायको:
प्रत्येक ताटीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली,
लाल सुताची एक गाठ.
कुणी पाहत नव्हतं. महिनाभर पाणी पडलं की रंगही जायचा.
"काहून बांधते?" विचारलं तर म्हणालीस,
"काम कोणाचं हाय, ते कामाले तरी कळू दे."

मी जिल्हा परिषदेत नोकरीला लागले.
पहिल्या उन्हाळ्यात साहेबांच्या कूलरपाशी
फाइल घेऊन उगाच उभी राहायची,
डाव्या कोपऱ्यात बघत.
साहेबांना वाटायचं, हिला फार उकडतं.
गाठ नव्हती तिथे.
तुला मात्र मी "होती" म्हणून सांगितलं.
दोन दिवस तू कुणाशी भांडली नाहीस.

माझी तेजल वेगळ्याच बाईची नात.
तिच्या आजीच्या बोटांत कुसं नव्हती.
तिची आजी नवतपात भर दुपारी
कूलरपुढे पाय पसरून बसायची,
पंख्यासमोर तोंड नेऊन "आ" म्हणायची,
आवाजाचे तुकडे तुकडे व्हायचे,
दोघी हसून लोळायच्या
आणि मी आतून ओरडायची, टाकीतलं पाणी संपतंय.

त्याच उन्हाळ्यात तेजलने तिला सही शिकवली.
मास्तरीण दुसरीतली,
विद्यार्थिनी एकसष्टची.
कौतीका.
"आजी, पहिली वेलांटी. ही दुसरी झाली."
"राहू दे वो. लय दिवस थांबलं माह्यं नाव,
जराशीक लांब झालं तं काय बिघडते?"

मग सगळीकडे दुसरीच वेलांटी.
बँकेत, गॅसच्या फॉर्मवर,
तेजलच्या गॅदरिंगच्या परवानगीपत्रावर,
जिथे खरं तर माझी सही हवी होती.
शेवटी मेडिकलमध्ये, ऑपरेशनच्या कागदावर,
सलाइन लावलेल्या हाताने.
नर्स म्हणत होती, अंगठा चालेल, आजी.
आजीने वेलांटी काढली,
ती समास ओलांडून पार कागदाच्या कडेला गेली.

महापालिकेच्या झोन ऑफिसातून दाखला आला:
कौतिका महादेव हेडाऊ.
शुद्ध.
तेजल आता बावीसची.
तिने कागद उजेडात धरला, उलटा केला, सरळ केला.
"ही कोण?" म्हणाली.

दुरुस्तीला शपथपत्र लागतं, स्टँप लागतो,
दोन साक्षीदार. खिडकीवरचा माणूस म्हणाला,
बाई, नाव बरोबरच तर आहे.
मी तरी उद्याची रजा टाकली आहे.
अर्जात "दुरुस्तीचे कारण" असा रकाना आहे,
दोन ओळींचा.

भिंतीपलीकडे ताट्यांवरून पाणी उतरतंय.
चवळी निवडून झाली.
तेजल टेबलाशी बसून
कच्च्या कागदावर काहीतरी लिहून बघते आहे,
खोडते आहे.