'के' म्हणजे बोला

फेब्रुवारीची पंधरा तारीख, सकाळचे सव्वासात.
सुदामानगरच्या गच्चीवर तार ताणलेली आहे
पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या जांभळापर्यंत;
जांभूळ गंगवालांचं, तार माझी,
त्यांच्या टीव्हीत मुंग्या आल्या की दोष तारेचा.

चाळीस मीटरवर आज आमची हजेरी.
सिग्नल्समधून निवृत्त झालेले, जिथे असतील तिथून
नाव, युनिट, वर्षं, एवढंच सांगायचं.
हजेरी घेते बडोद्याची निहारिका सोहनी,
वय एकोणीस, परवाना गेल्या दिवाळीतला,
आणि आम्हा म्हाताऱ्यांना रांगेत उभं करते
महूच्या मैदानावर उस्ताद करायचे तसं:
"एका वेळी एकच स्टेशन, सर. प्लीज."

कोट्टायमहून कुरियन. आवाजात दमा.
अंबाल्याहून गुरमेज, मागे कुकरची शिट्टी.
रांचीचा टोप्पो गेल्या वर्षी होता,
यंदा त्याचं नाव पुकारून तिनं दहा सेकंद वाट पाहिली.
दहा सेकंदांची खरखर मी पूर्ण ऐकली.

मग माझी पाळी.
हवालदार विश्वासराव लगड, इंदूर. चोवीस वर्षं.
पुढे काय सांगू?
बायकोचे भाऊ लग्नकार्यात विचारतात, किती मारले?
मी गोळी झाडली ती फक्त रेंजवर.
मी पाच-पाच अक्षरांचे गट घेतले आणि पुढे दिले,
उणे वीसमध्ये, पेन्सिल काखेत ऊबवून.
अर्थ माझा नव्हता. अचूकपणा माझा.
त्यात कुणाची रजा होती, कुणाचं रॉकेल,
कुणाची अशी बातमी
जी घरी पोचायला अजून चार दिवस होते.
मला सगळं सारखंच दिसलं:
पाच अक्षरं, जागा, पाच अक्षरं.

म्हणून म्हटलं, "कंट्रोल, बोलत नाही. चालत असेल तर की वापरतो."
ती जरा थांबली.
"गो अहेड, सर. हळू द्या हं, मी शिकतेय अजून."

पितळेची की, महूच्या भंगारवाल्याकडची, नव्वद रुपयांची.
नाव दिलं, युनिट दिलं, आणि शेवटी 'के':
डा डिट डा. म्हणजे बोला, ऐकतोय.
माझा शेवटचा डा लांबतो.
तर्जनीचं पेर बर्फानं नेलं त्या हिवाळ्यापासून लंगडतो.
दोन सुभेदारांनी शिव्या देऊन पाहिल्या. सुधारला नाही.

खरखर.
मग तळातून, फार तळातून, दुसरी की.
कॉलसाइन नाही, काही नाही.
"लांब डा. तूच ना?"
अक्षरं इंग्रजी होती, मला मराठीतच ऐकू आली.

मी तो हात ओळखला.
दोन हिवाळे रोज रात्री तो मला भेटायचा,
आखूड डिट, जणू कुणी गार पाण्यात बोट घालून काढतंय.
तोंड पाहिलं नाही. गाव माहीत नाही.
नाव विचारायची मनाई होती.
एका रात्री त्याच्या जागी दुसराच हात आला,
आणि तेव्हापासून मी जे धरून चाललो होतो
ते आज इथे लिहीत नाही.

घाईघाईनं विचारलं: कोण? कुठून? नाव?
सूर्य टाकीच्या वर आला होता.
या वेळेला चाळीस मीटर पातळ होतो,
तक्रार करायला खिडकी नाही.
एन. ए. एवढंच आलं.
नागपूर, नाशिक, नायर, नारंग.

निहारिका म्हणाली, "सर, फार फास्ट होतं, मला वाचता आलं नाही.
कोण होतं?"
"कंट्रोल, हजेरीत एक स्टेशन जास्त मांड.
नावाची जागा रिकामी ठेव."

कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत वळली.
खालून बायकोची हाक: ओला कचरा कोण देणार?
मी बोट उचललं नव्हतं.
डा डिट डा.
डा डिट डा.

गाडी गेली, कचरा राहिला,
त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं.
उद्या सव्वासहाला बसेन, सूर्याच्या आधी.