कोरड्या हवेचं सामान

दालानझादगादहून आलेल्या छापील यादीत लिहिलंय:
फुगे बारा. काचेची कांडी एक.
लोकरीचं कापड, उपलब्ध असल्यास.

उपलब्ध असल्यास!
काखेत कळसा म्हणतात तो हाच.
खिडकीबाहेर चारशे मेंढ्या
पाठीवर बर्फ घेऊन उभ्या होत्या.

फुगे आलेच नाहीत.
ट्रक खिंडीत रुतला म्हणे, किंवा
कुणाच्या तरी वाढदिवसाला लागले असतील.
लागू देत.
मी मुलांना म्हटलं, जे घासता येतं ते आणा.

सकाळी टेबलावर:
पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा
(नळ यायचेत अजून, पाइप येऊन दोन वर्षं झाली),
उंटाच्या मानेची लोकर, शेणाच्या धुराचा वास असलेली,
आजोबांच्या टोपीचं कोल्ह्याचं कातडं,
जे आजोबांना न विचारता आलं होतं,
तपकिरीच्या कुपीची निळी रेशमी पिशवी,
लोणच्याचा रिकामा पत्र्याचा डबा,
आणि मेणबत्तीचं बूड.
हे कशाला रे?
नामखाय म्हणाला, घासता येतं की, बाई.

बुझमानं फणी आणली. हिरवी,
तीन दात गेलेली.
बुझमा वसतिगृहातली, सात वर्षांची.
तिची माणसं हिवाळी मुक्कामावर, घोड्यावरून दीड दिवस.
फणीत एक लांब केस अडकला होता.
तिचे स्वतःचे तर शरदातच कापलेले, कानाच्या वर.
मी म्हटलं, फणी पुसून घेऊ या आधी.
तिनं मूठ आवळली.
मग तशीच घेतली.

बाहेर उणे एकतीस. आत शेगडी.
हवा इतकी कोरडी
की पुस्तकाचं पान उलटलं तरी दुसरं चिकटून येतं.
पाइप कोल्ह्यावर घासला,
डबा आपसूक घरंगळत निघाला त्याच्यामागे
दाव्याला बांधलेल्या वासरासारखा.
पोरं बाकांवर चढली.
स्वयंपाकीण त्सेव्हेल चहा घेऊन आली, खारा, दुधाचा,
तिच्या किटलीची धार बारीक करायला लावली
आणि जवळ फणी धरली.
धार वाकली.
त्सेव्हेल दोन पावलं मागे सरली,
अर्धा चहा माझ्या बुटांवर,
आणि म्हणाली, चहाला असलं काही शिकवू नका.

मेणबत्तीनं काहीच केलं नाही.
नामखाय तासभर घासत राहिला.

शेवटी कागदाचे कपटे.
फणीला चिकटून ते उभे राहिले, थरथरत,
आणि वर्गाच्या गोंगाटात बुझमानं
फणी तोंडाजवळ नेली
आणि तिच्यावर हाऽऽ केलं.
काच पुसण्याआधी करतात तसं.
कपटे गळून पडले. एकेक नाही, सगळे.

हे पुस्तकात शेवटच्या परिच्छेदात आहे,
बाष्पाने भार निघून जातो वगैरे.
मी तिथवर पोचले नव्हते.
मी विचारलं, तुला कसं कळलं?
ती म्हणाली, आई माझे केस बसवायची असेच.
विंचरले की उभे राहायचे,
मग ती फणीवर श्वास सोडायची.

मी फळ्याकडे वळले.
"आर्द्रता" लिहिलं. खडू मोडला.

रात्री वसतिगृहात दिवे गेल्यावर
मुलं पांघरुणाखाली मुद्दाम स्वेटर काढतात.
चट् चट्. निळे ठिपके.
कोण ओरडतं, माझी ठिणगी मोठी, कोण म्हणतं, खोटं.
मी दारातून दटावते आणि जरा वेळ तिथंच थांबते.
तिसऱ्या खाटेवर अंधार होता.
मग हाऽऽ असा आवाज आला, अगदी हळू,
आणि पुन्हा एकदा.

यादीच्या मागे रकाना आहे:
कमी पडलेले साहित्य.
मी लिहिलं, फुगे नकोत.
पुढे लिहायला पेन टेकवलं, पण शाई थिजली होती.
उठून दाराच्या कडीला हात लावला
तर तिनं मला चटका दिला,
आणि मी, चाळीस वर्षांची बाई,
दचकून आई गं म्हणाले.