गोलपुढचं टक्कल

चुन्याच्या रेघा मारायचं काम माझं.
एकतीस वर्षं मारतोय
फ्राय बेंतोसच्या ह्या मैदानावर, नदीला धरून.
नदी वाकडी आहे, त्यामुळे मैदानही थोडं.

गवत सगळीकडे येतं.
कोपऱ्यात येतं, मध्यात येतं,
बसायच्या पायऱ्यांच्या फटींतसुद्धा, न लावता.
फक्त नदीकडच्या गोलपुढे
पाच पावलं लांब, दोन पावलं रुंद
टक्कल.
तिथे एलेउतेरिओ बिदार्त उभा राहायचा,
सामन्यात अर्धा वेळ, सरावात रोज.

आला तेव्हा सतरा वर्षांचा होता.
बाप मांसाच्या कारखान्यात, शीतघरात,
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला.
पोराचे हात हातात घेऊन म्हणाला,
दहाच्या दहा आहेत. जपून वापर.

करंगळी साल्तोवाल्यांनी मोडली.
अंगठा बसच्या दारात.
मनगट एका पेनल्टीत,
जी तशीही बाहेरच चालली होती.

एर्सिलिया, त्याची बायको,
टेबल टेनिसच्या जुन्या बॅटींचं रबर सोलून
लोकरी हातमोज्यांवर शिवायची.
पावसात टाके सुटायचे.
चेंडू जायचा, रबर त्याला चिकटून जायचं,
आणि हा ओरडायचा, अरे, माझा तळहात द्या!

सामन्याआधी टाचेने एक रेघ ओढायचा,
गोलच्या बरोब्बर मधून सरळ पुढे,
म्हणजे मागे न बघता कळावं
आपण कुठे आहोत.
नियमात बसत नाही. पंच आभाळाकडे बघायचे.
सोमवारी मी ती पुसायचो.
रविवारी तो पुन्हा ओढायचा.
ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.

हातावर पोट म्हणतात, ते त्याचं अक्षरशः.
कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात
पगार म्हणून डबाबंद मांस मिळालं,
दोन पेट्या, एक चेपलेली.

मग मोंतेविदेओच्या एका क्लबने त्याला नेलं.
दोन मोसम बाकावर बसवलं.
एक्केचाळीस मिनिटं खेळला एकूण,
रेडिओला कान लावून मी मोजली.
इकडे टकलावर गवत आलं.
लोक म्हणाले, वा, काय हिरवंगार!
मला बघवेना.
माझ्या धंद्यातल्या माणसाने असं बोलू नये.

परत आला, बोटात स्टीलची तार घेऊन.
महिन्याभरात गवत गेलं.

आणि तो गोल.
गावाला तेवढाच आठवतो.
पायसान्दूविरुद्ध, शेवटचं मिनिट,
चेंडू कसला, गोगलगाय,
सरपटत आला आणि त्याच्या दोन पायांमधून आत.
आम्ही खालच्या विभागात गेलो.
त्याच दुपारी अडवलेले सात
कुठेच लिहिलेले नाहीत.
फळ्यावर फक्त खाल्लेले गोल मांडतात.
फळा माझ्याकडेच असायचा.
चांगल्या दिवशी समोरच्यांचं शून्य काढताना
मी खडू जरा दाबायचो, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दाताळं घेऊन गेलो तेव्हा दिसलं.
एक खळगा. वाटीएवढा.
चेंडूने तिथेच वळण घेतलं होतं.
शनिवारी बुजवायचा राहिला होता माझ्याकडून,
सासऱ्यांकडे जेवायला जायचं होतं.
कोणाला सांगितलं नाही.
पहारीने माती सैल केली, पाणी मारलं, धुमसलं.

आता तो तिकीट खिडकीत बसतो.
खिडकी एवढीशी, नुसते हात दिसतात,
प्रत्येक बोटाचं तोंड वेगळ्या दिशेला.
पोरं मुद्दाम नाणी घरंगळत सोडतात.
अजून एकही खाली पडलेलं नाही.

नवा गोलकीपर पार मध्यरेषेपर्यंत फिरतो.
गवत येऊ लागलंय, विरळ, कडेकडेने.

काल खिडकी लावून बिदार्त आत आला,
कोटाच्या खिशात हात.
टकलावर जाऊन उभा राहिला.
बुटाची टाच जमिनीवर फिरवली, हळू,
अंधारात भिंतीवरचं बटण चाचपावं तशी.
“बुजवलास वाटतं,” म्हणाला.

मी चुन्याचा गाडा ढकलत होतो.
रेघ तिथे जरा हलली आहे.