चाळीसातला एक

शाबानचा शेवटचा आठवडा. बर्नलीत गारा.
रुकय्या मुकादम पिठाच्या काट्यावर
म्हसळ्याच्या मोडक्या पाटल्या ठेवते,
आकडा गॅसबिलाच्या पाठीवर.
बँकेतले. डब्यातले. भिशीचे.
जकात : चाळीसातला एक.

मग पेन अडतं.
धाकट्या तौसीफला दिलेले चार हजार पौंड,
ते धरायचे का?
तीन वर्षं झाली, फोन नाही त्याचा.

मशिदीत विचारते.
इमाम पोरसवदा, इथलाच, उर्दूत ठेचकाळत :
"खाला, परत मिळायची आशा असेल
तर धरा. नसेल, तर राहू द्या."

केटल उकळून बंद पडते.
पाटल्यांना पीठ लागलंय, ती पदराने पुसते.

चार हजार लिहिते.
शंभर पौंड जास्तीचे निघतात.
निघू देत.