दातांच्या खुणा

एयनार गेला, आणि त्याचा पाइप
प्रेबेनकडे आला,
दांडीवरच्या दोन दातांच्या खुणांसकट.

दुकानातली योहाने म्हणाली,
तंबाखू आधी पसरून ठेव, ओलसर आहे.
खाली सैल भर, वर जरा दाबून.
आणि हावरटासारखा ओढू नकोस,
गरम कॉफी चाखतोस ना, तसं.

मार्स्टल बंदराच्या वाऱ्यात अकरा काड्या गेल्या.
जीभ पोळली. डोळ्यांत पाणी;
धुराचंच आहे, असं त्यानं बोटीला सांगितलं.
पाइप विझला.
पुन्हा विझला.
विझतोच, हेही योहानेनं सांगितलेलं.

बाराव्या काडीला निखारा टिकला.
दात आपसूक खुणा शोधायला गेले.
एक बसला.

दुसऱ्यासाठी जबडा थोडा वाकडा करावा लागला,
एयनार हसताना
करायचा तसा.